किमतीआधी माप : घरासाठी सायकल निवडताना

व्यापारी घरात कोणतीही वस्तू घेताना तिचा भाव, टिकाऊपणा आणि उपयोग काटेकोरपणे पाहिला जातो. कापडाचा पोत बोटांनी ओळखणारा, धान्याचा नमुना तळहातावर घेऊन त्याची प्रत सांगणारा माणूस सायकल घ्यायला जातो, तेव्हा मात्र बहुधा रंग, गिअरची संख्या आणि मिळणारी सवलत एवढेच पाहून परततो. दोन महिन्यांत गुडघा कुरकुरू लागतो, हातांना मुंग्या येतात, पाठ धरते आणि सायकल इमारतीच्या जिन्याखाली धूळ खात उभी राहते. दोष कधी वयाला दिला जातो, कधी रस्त्यांना. वास्तविक पुष्कळदा तो मापाचा असतो.

या चुकीची किंमत केवळ काही हजार रुपये नव्हे. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री हिशेब मिटेपर्यंत गादीवर किंवा खुर्चीवर बसणे हे व्यापाऱ्याच्या जीवनाचे स्वरूप आहे. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली, तर हा हिशेब नेमका जुळतो. सायकलीवर शरीराचा बराचसा भार सीट आणि हँडल उचलतात, म्हणून स्थूल माणसालाही ती धावण्यापेक्षा सुसह्य होते. परंतु हा लाभ पदरी पडण्यासाठी सायकल रोज बाहेर काढाविशी वाटली पाहिजे. अंगाला न बसणारी सायकल कोणी फार दिवस चालवत नाही.

सव्वाशेहून अधिक वर्षे टिकलेला घाट

आजच्या सायकलीचा मूळ आराखडा 1885 सालचा आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही जवळपास सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेनने गती देणारी सायकल तयार केली. तत्पूर्वीच्या सायकलींचे पुढचे चाक पुरुषभर उंच असे आणि त्यावरून पडणे म्हणजे हाडे मोडून घेणे होते. 1888 मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि सायकलीचा खडखडाट थांबला. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनिपत आणि लुधियाना येथील कारखान्यांतून निघालेल्या काळ्या, उंच, भरभक्कम सायकली महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचल्या. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक आणि पेढीवरचा मुनीम या सर्वांचे ते वाहन होते. पुण्याला तर ‘सायकलींचे शहर’ हीच ओळख होती.

त्या काळी निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. सायकल म्हणजे 22 किंवा 24 इंची, दांड्याची किंवा लेडीज, एवढेच भेद. आज मात्र दुकानात पाच-सहा कुळांच्या सायकली शेजारी शेजारी उभ्या असतात आणि त्या एकमेकींची कामे करू शकत नाहीत.

आधी रस्ता, मग सायकल

निवडीचा पहिला प्रश्न ‘कोणती कंपनी?’ हा नसून ‘कोणत्या रस्त्यावर, किती अंतर आणि काय घेऊन?’ हा असावा.

*काळी साधी सायकल.* वजन सुमारे 20 किलो, गिअर नाही, सीट आणि हँडल असे की स्वार ताठ बसतो. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर आणि स्टँड मुळातच असल्यामुळे कपडे मळत नाहीत व माल नेता येतो. सपाट गावात घर ते दुकान असा दोन-तीन किलोमीटरचा फेरा असेल, अथवा दुकानातील माणसाने जवळपास माल पोहोचवायचा असेल, तर आजही हिच्याइतकी किफायतशीर सायकल नाही. चढाच्या गावात मात्र ती दमवते.

*लेडीज सायकल.* फ्रेमचा दांडा खाली उतरता असल्यामुळे साडी किंवा सलवार-कमीज नेसूनही सहज चढता-उतरता येते. ही केवळ स्त्रियांसाठीच, असा समज सोडून द्यावा. ज्यांना पाय मागून टाकणे जड जाते, अशा साठीपुढील पुरुषांसाठीही हीच रचना सुरक्षित आहे.

*हायब्रिड.* सपाट हँडल, 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि 12 ते 15 किलो वजन. शहरातील खड्डे, गतिरोधक आणि रविवारची 20-30 किलोमीटरची फेरी या सर्वांत ही निभावून नेते. प्रथमच गिअरची सायकल घेणाऱ्या प्रौढ माणसाने बहुतेक वेळा इथेच थांबावे.

*डोंगरी सायकल, म्हणजे एमटीबी.* रुंद, खाचांचे टायर आणि पुढे शॉकअप. खडीच्या, मातीच्या वाटेवर ती शोभते. डांबरी रस्त्यावर तेच खाचांचे टायर गुरगुरत वेग खातात आणि स्वस्त शॉकअप वजन वाढवून पायांची ताकद गिळतो. मुलांना आवडणाऱ्या, सुमारे 4 इंच जाड टायरांच्या ‘फॅट बाइक’ मूळच्या बर्फ आणि वाळूसाठी आहेत. शाळेच्या रस्त्यावर ते जड टायर फिरवणे म्हणजे रिकाम्या गाडीला दगड भरून पळवण्यासारखे आहे.

*रोड बाइक.* वाकलेले हँडल, 25 ते 28 मिलिमीटरचे टायर, वजन 8 ते 10 किलोच्या आसपास. लांब पल्ल्यासाठी ही उत्तम. परंतु तिच्यावर पुढे झुकून बसावे लागते. पाठीचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्याने केवळ वेगाच्या मोहाने ती घेऊ नये.

*घडीची सायकल.* 16 किंवा 20 इंची लहान चाके. लोकलने अथवा मोटारीने काही अंतर जाऊन पुढे सायकल चालवणाऱ्यांसाठी आणि लहान सदनिकांसाठी सोयीची.

*विजेची मदत असलेली सायकल.* मोटार 250 वॅटपर्यंतची आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा असेल, तर सामान्यतः तिला मोटार वाहनाप्रमाणे नोंदणी लागत नाही. चढाच्या गावात राहणाऱ्या ज्येष्ठांना ती पुन्हा घराबाहेर काढू शकते.

सीटबाबत एक गोष्ट आपल्या वाचकांनी विचारून घ्यावी. जुन्या सायकलींची आणि आजही काही महागड्या सायकलींची सीट चामड्याची असते. रेक्झिन किंवा अन्य कृत्रिम आवरणाच्या उत्तम सीट सर्वत्र मिळतात. खरेदीच्या वेळीच तशी मागणी केली, तर नंतर मनाला टोचणी राहत नाही.

मापाचे तीन प्रश्न

फ्रेम हा सायकलीचा एकमेव भाग असा आहे की जो नंतर बदलता येत नाही. सीट वर-खाली होते, हँडल थोडे फिरते. फ्रेम लहान-मोठी होत नाही. म्हणून पहिले माप तिचे. हायब्रिड किंवा एमटीबीसाठी साधारण अंदाज असा : उंची 160 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर 15 ते 16 इंची फ्रेम, 170 च्या आसपास 17 ते 18 इंची आणि 180 च्या आसपास 19 ते 20 इंची. मात्र कंपनीगणिक मापे बदलतात. त्यामुळे अंदाजावर न थांबता सायकलीच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट उभे राहावे. हायब्रिडमध्ये दांडा आणि शरीर यांत दोन-तीन सेंटिमीटर, एमटीबीमध्ये किमान पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. ती नसेल, तर अचानक उतरताना इजा होते.

दुसरा प्रश्न हाताच्या पोहोचीचा. सीटवर बसून हँडल धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. हात ताठ ताणले जात असतील, तर फ्रेम लांब आहे.

तिसरा प्रश्न बोटांचा. ब्रेकचा खटका दोन बोटांनी, पकड न सोडता दाबता आला पाहिजे. लहान हातांच्या स्त्रिया आणि मुले यांच्याबाबत हे तपासणे फार महत्त्वाचे आहे. अनेक खटक्यांत एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून खटका हँडलजवळ आणता येतो.

या तपासणीला दहा मिनिटे लागतात. जो दुकानदार ती दहा मिनिटे देत नाही, त्याच्याकडील सवलत कितीही मोठी असली तरी महाग पडते.

जोडणी : अर्ध्या तासाचे काम, वर्षभराचे सुख

सायकल खोक्यातून घरी आली असेल, तर ती अर्धवट जोडलेली असते. घरी जोडताना दोन चुका हमखास होतात. पहिली, पुढचा चिमटा उलटा राहतो. चिमट्याची खालची टोके पुढे वळलेली असली पाहिजेत आणि रिमचा ब्रेक असल्यास तो चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे. दुसरी चूक पायडलची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळले जाते. जोर लावून सुलट फिरवले, तर क्रँकचे आटे कायमचे जातात. हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे, आणि 150-200 किलोमीटर झाल्यावर ताणलेल्या केबल आणि सैल झालेले आरे पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.

त्यानंतर सीटची उंची. भारतात सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे सीट फार खाली ठेवणे. बसल्या जागी दोन्ही तळपाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटते. परंतु त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात गुडघा प्रमाणाबाहेर दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. योग्य रीत अशी : कोणाला तरी सायकल धरायला सांगून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय अगदी सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा आपोआप योग्य तेवढा वाकलेला राहतो.

अधिक काटेकोर माप हवे असल्यास भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन्ही पायांच्या मध्ये लाकडी फूटपट्टी आडवी धरून ती वरपर्यंत घट्ट टेकवावी आणि जमिनीपासून तिथवरची उंची मोजावी. या संख्येला 0.883 ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. पायाचे माप 80 सेंटिमीटर असेल, तर सीट 70.6 सेंटिमीटरवर यावी. या उंचीवर थांबताना केवळ बोटे टेकतात. म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकण्याची सवय लावावी. नवशिक्याने सीट थोडी खाली ठेवून दर आठवड्याला अर्धा सेंटिमीटर वाढवावी. सीटच्या नळीवर कोरलेली ‘किमान’ मर्यादेची रेघ मात्र कधीही बाहेर दिसता कामा नये.

सीट पुढे-मागेही सरकते. दोन्ही पायडल आडव्या रेषेत आणून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला, तर तो पायडलच्या आसाजवळ पडावा. सीटचे टोक सपाट ठेवावे. ते खाली झुकले की सगळा भार मनगटांवर येतो.

शरीर पुढे काय सांगते तेही ऐकावे. गुडघ्याच्या पुढे दुखले तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे दुखले किंवा कंबर डावी-उजवी हलू लागली तर ती वर आहे. हातांना मुंग्या आल्या तर हँडल फार खाली किंवा फार दूर आहे. दुरुस्ती एका वेळी एकच आणि थोडीशीच करावी. इतके करूनही वेदना राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे.

मुलांची सायकल : ‘वाढत्या मापाची’ नको

मुलांचे कपडे वाढत्या मापाचे घेण्याची आपली जुनी काटकसर आहे. सायकलीला ती लावू नये. सैल सदरा अंगावर लोंबतो, पण मोठी सायकल मुलाला पाडते. साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या मुलाला 16 इंची, सहा ते नऊ वर्षांपर्यंत 20 इंची आणि नऊ ते बारा वर्षांपर्यंत 24 इंची चाकाची सायकल योग्य ठरते. तरीही अंतिम निर्णय वयावर नव्हे, तर पायाच्या लांबीवर घ्यावा. सायकल लहान झाली की धाकट्या भावंडाकडे किंवा नात्यातील मुलाकडे जाते. चांगल्या वस्तूचे पैसे त्यात बुडत नाहीत.

शिकवण्याची रीतही सोपी आहे. आधाराची दोन छोटी चाके मुलाला तोल शिकवत नाहीत. त्यापेक्षा दोन्ही पायडल काढून ठेवावीत, सीट इतकी खाली करावी की तळपाय पूर्ण टेकतील, आणि मुलाला पायांनी ढकलत, सरपटत जाऊ द्यावे. काही दिवसांत ते आपणहून पाय उचलून तोल सांभाळू लागते. मग पायडल बसवली, की बहुधा मागून धरून धावण्याची गरज राहत नाही.

गिअर : रोख आणि हप्ता

गिअर वेग देतात, हा अर्धा समज आहे. ते श्रमाची विभागणी करतात. समजा, साध्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दात आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. गिअरच्या सायकलीत पुढे 28 आणि मागे 34 दातांचे चक्र निवडले, तर तोच फेरा अवघे 1.8 मीटर नेतो. चढ तोच, करायचे काम तेच. फक्त एकरकमी भरण्याऐवजी ते लहान हप्त्यांत भरले जाते. व्यापाऱ्याला याहून अधिक समजावण्याची गरज नाही.

म्हणून जड गिअर टाकून दात-ओठ खात पायडल मारण्यात पराक्रम नाही. मिनिटाला 70 ते 90 फेरे पडतील असा गिअर ठेवला, तर गुडघे सुरक्षित राहतात आणि दम टिकतो. सुरुवातीला 60 फेरेही चालतील. चढ लागण्यापूर्वीच गिअर हलका करावा. चढावर जोर देत असताना बदलला तर चेन उतरते. पुढचे सर्वांत मोठे आणि मागचेही सर्वांत मोठे चक्र एकाच वेळी वापरू नये. चेन तिरकी ताणली जाऊन लवकर झिजते.

ब्रेक, वाहतूक आणि पाऊस

पुढचा ब्रेक दाबला तर माणूस उलटतो, या भीतीने अनेकजण केवळ मागचाच वापरतात. वास्तविक थांबताना भार पुढच्या चाकावर सरकतो, त्यामुळे थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत आणि शरीर थोडे मागे नेत दाबावे. कोणत्या हाताचा खटका कोणत्या चाकाचा, हे नव्या सायकलीवर प्रथम उभे राहूनच पाहावे, कारण सर्वत्र एकच पद्धत नाही. वळणावर नव्हे, वळणाआधी वेग कमी करावा. वाळू, ओले पांढरे पट्टे आणि गटाराची झाकणे यांवरून जाताना ब्रेक आणि हँडल दोन्ही स्थिर ठेवावे. पावसात रिमचे ब्रेक उशिरा लागतात; आधी हलकेच दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे. कात्रज किंवा खंबाटकीसारख्या घाटातून उतरताना ब्रेक सतत धरून न ठेवता थांबून थांबून दाबावेत.

रस्त्याच्या डाव्या बाजूने, परंतु उभ्या मोटारींपासून हातभर दूर चालावे; दार अचानक उघडते. पहाटे निघणाऱ्याने पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावलाच पाहिजे. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर बसावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटांपेक्षा अधिक जागा नसावी. मागे सरकवलेले हेल्मेट म्हणजे फक्त टोपी.

पाच मिनिटांची निगा

सायकलीवर बसण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : हवा, ब्रेक आणि चेन. पंक्चर नसतानाही ट्यूबमधील हवा हळूहळू कमी होते. टायरच्या बाजूवर दाबाची मर्यादा छापलेली असते. सामान्यतः एमटीबीला 30 ते 40, हायब्रिडला 50 ते 70 आणि रोड बाइकला 80 ते 100 पीएसआय पुरतो. घरी उभा पंप ठेवावा, आणि तो घेण्यापूर्वी आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. टायर किंवा ट्यूब आणताना केवळ ‘26 इंची’ म्हणून भागत नाही, कारण त्याच नावाखाली वेगवेगळ्या व्यासाच्या रिम विकल्या जातात. टायरवर 37-622 अशी जोडसंख्या असते. दुसरी संख्या रिमचा मिलिमीटरमधील व्यास सांगते. तीच दुकानदाराला सांगावी.

चेनमध्ये तेल आत मुरले पाहिजे, बाहेर थापलेले तेल धूळ ओढते. थेंब थेंब तेल सोडून चेन उलटी फिरवावी आणि वरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. नव्या चेनच्या 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच असते. ती पाऽव इंचाच्या निम्म्याने, म्हणजे अष्टमांश इंचाने वाढली, तर चेन बदलण्याची वेळ होऊन गेली असे समजावे. अन्यथा ती दातेही खाऊन टाकते. जुनी सायकल विकत घेताना हे एकच माप तिचा बराचसा इतिहास सांगून जाते.

पहिला महिना

सुरुवात लहान असावी. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड तीन ते पाच किलोमीटर, सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्याच वेगाने. पुढे दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, तसेच चाळिशीनंतर प्रथमच व्यायाम सुरू करत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी.

पुढे कोणाची हौस वाढली, तर वाट लांब आहे. 200 किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पूर्ण करण्याच्या ‘ब्रेव्हे’ फेऱ्या महाराष्ट्रातही होतात. त्यात स्पर्धा नसते, दिलेल्या वेळेत पोहोचणे एवढेच असते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू तर 2015 साली अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा हे सुमारे 4,800 किलोमीटरचे अंतर दोघांच्या संघाने सायकलवरून पार करून आले. दोघेही व्यवसायाने डॉक्टर. व्यवसाय सांभाळून सायकलीला वेळ देता येतो, याचा याहून ठळक दाखला क्वचितच मिळेल.

तथापि प्रत्येक घराला एवढे लांब जायचे नसते. वडील सकाळी दुकानाची किल्ली खिशात टाकून सायकलीवर निघाले, आईने भाजी कॅरिअरला लावून आणली, मुले आपापल्या मापाच्या सायकलीवरून शाळेत गेली, की खरेदी सार्थकी लागली. सायकलीचा नफा तिच्या पावतीवर दिसत नाही. तो रोजच्या वापरातून थोडा थोडा जमा होतो. म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न भावाचा न करता मापाचा करावा.